मुखकर्करोग आणि त्याचे क्षेत्र : अर्बुदाभोवतीच्या आधारपेशींचा विचार

काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीतील एक ट्रकचालक आमच्या चिकित्सालयात आले. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीलगतच्या खाचेत, नखाएवढा व्रण होता. त्याच खाचेत वीस वर्षे त्यांनी तंबाखू-चुन्याची चिमूट धरली होती. शेजारची दाढ झिजून धारदार झाली होती, म्हणून दाढ लागून व्रण झाला असावा असा आम्ही तर्क केला. त्रिफळा क्वाथाचे गंडूष, इरिमेदादि तैलाचे प्रतिसारण आणि खदिरादि वटी अशी योजना दिली. दाह कमी झाला, जेवण जाऊ लागले, रुग्ण समाधानी आणि आम्हीही समाधानी. सहाव्या आठवड्यात प्रथमच आम्ही मोजा घालून व्रणाची कड बोटाने चाचपली. ती कड आणि तिच्याखालचा भाग ओल्या चामड्यासारखा घट्ट लागला. जबड्याखाली एक कठीण ग्रंथीही होती. तुकडा तपासल्यावर कर्करोगाचे निदान झाले. दाह शमला होता, व्रण शमला नव्हता. आणि आम्ही दाहाकडे पाहत राहिलो होतो.

त्या बोटाला लागलेले काठिण्य म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यानंतर आम्हांस स्वस्थ बसू देईना. त्याच्या उत्तराचा मोठा भाग कर्कपेशींत नसून त्यांच्याभोवतीच्या पेशींत आहे, असे आधुनिक संशोधन सांगते. त्या संशोधनाचा परिचय आपल्या वैद्यबंधू-भगिनींना व औषधालयांच्या चालकांना करून द्यावा, आणि त्यातून आपल्या दैनंदिन व्यवहारासाठी काय निष्पन्न होते ते मांडावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रोगाचा व्याप

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार ओठ व मुखकुहर यांच्या कर्करोगाचे जगात सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४० हजार एकट्या भारतातील होते. म्हणजे जगातील दर तीन रुग्णांमागे एकाहून अधिक रुग्ण आपल्या देशातला. पाश्चात्त्य देशांत हा रोग प्रामुख्याने जिभेवर व मुखाच्या तळाशी दिसतो. आपल्याकडे तो गाल व हिरडी यांच्यामधील खाचेत मोठ्या प्रमाणावर दिसतो. कारण उघड आहे. तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा यांचा गोळा तासन्‌तास तेथेच मुक्काम करतो.

बीज आणि क्षेत्र

गर्भोत्पत्तीच्या संदर्भात ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज या चार घटकांचा विचार सुश्रुतसंहितेत आलेला आहे, तो आपणां सर्वांस परिचित आहे. योगायोग असा की कर्करोगाच्या प्रसाराविषयी याच जातीचा दृष्टान्त लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडला. स्तनकर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. कर्करोग शरीरात कोठेही यदृच्छेने रुजत नाही, ठराविक अवयवांतच रुजतो, असे त्यांना आढळले. बीज चहूकडे उडते, पण अनुकूल भूमीतच ते उगवते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढील काळात संशोधकांचे लक्ष मुख्यत्वे बीजावर, म्हणजे कर्कपेशीवर व तिच्यातील जनुकांवर, केंद्रित झाले. ते आवश्यकही होते. परंतु अर्बुदाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्यात केवळ कर्कपेशी दिसत नाहीत. त्यांच्या बेटांभोवती तंतू निर्माण करणाऱ्या पेशी, केशवाहिन्या, लसिकावाहिन्या, नाडीतंतू, भक्षक पेशी व लसिकापेशी यांचे दाट जाळे असते. या सर्वांना मिळून आपण येथे आधारपेशी म्हणू. कित्येक मुखार्बुदांत कर्कपेशींपेक्षा हा आधारभागच अधिक जागा व्यापतो. अर्बुद हा एकट्या पेशीचा रोग नसून पेशी आणि तिचे क्षेत्र या दोहोंचा संयुक्त व्यवहार आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे.

येथे एक सावधगिरी नमूद करणे अवश्य आहे. आयुर्वेदातील क्षेत्र, खवैगुण्य वा दुष्टव्रण या संकल्पना आणि पुढे येणारी पेशीविषयक माहिती यांत साम्य दिसते. परंतु साम्य म्हणजे अभेद नव्हे. दृष्टान्त समजुतीला साहाय्य करतो, तो पुराव्याची जागा घेत नाही.

न भरणारा व्रण

या आधारपेशींत प्रमुख स्थान तंतुजनक पेशींचे, म्हणजे फायब्रोब्लास्टचे, आहे. निरोगी मुखात श्लेष्मल त्वचेच्या अस्तराखाली या पेशी विरळ व शांत असतात. कोलॅजेनचे तंतू विणणे, जुने तंतू काढून टाकणे, अस्तराला आधार देणे हे त्यांचे नित्यकर्म. व्रण झाला की त्या जागृत होतात, संख्येने वाढतात व तात्पुरते स्नायूसारखे आकुंचन पावणारे रूप धारण करतात. व्रणरोपणाच्या वेळी कडा एकमेकींजवळ ओढल्या जातात त्या यामुळेच. या रूपाचे वर्णन जिउलिओ गब्बियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये केले. त्याची खूण म्हणजे पेशीत दिसणारे अल्फा स्मूथ मसल अ‍ॅक्टिन हे प्रथिन. व्रण भरला की यांतील बहुतांश पेशी नष्ट होतात किंवा पुन्हा शांत होतात, आणि रोपण पूर्ण होते.

कर्करोगात ही शांतता येत नाही. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांनी १९८६ मध्ये अर्बुदांना न भरणारे व्रण म्हटले. कर्कपेशी टीजीएफ-बीटा व तत्सम संदेशद्रव्ये सतत स्रवतात. तंतुजनक पेशींना ती व्रणाचीच हाक वाटते. त्या जागृत होऊन धावून येतात, रोपणाचे काम आरंभतात, आणि हाक थांबत नसल्याने काम कधीच संपत नाही. अशा कायमच्या जागृत राहिलेल्या पेशींना कर्करोगसंलग्न तंतुजनक पेशी म्हणतात. या पेशी सामान्यतः स्वतः कर्कपेशी नसतात. त्या आपल्याच शरीराच्या प्रामाणिक सेवक आहेत. केवळ त्यांना चुकीच्या धन्याची आज्ञा मिळत राहते.

आधारपेशी अर्बुदास कोणते साहाय्य करतात

पहिले साहाय्य वाढीचे. जागृत तंतुजनक पेशी वृद्धिकारक प्रथिने व इंटरल्युकिन-६ सारखी शोथकारक द्रव्ये स्रवतात. त्यांच्या योगे कर्कपेशींचे विभाजन वेगावते. क्षेत्राचा हा प्रभाव किती मोठा असू शकतो, हे १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखविले. तो प्रयोग पौरुषग्रंथीच्या पेशींवरील होता. विकृतीकडे झुकलेल्या, परंतु स्वतः अर्बुद निर्माण न करणाऱ्या पेशी उंदरांत रोपण केल्या गेल्या. त्यांच्यासोबत निरोगी तंतुजनक पेशी असता काही घडले नाही; कर्करोगातून काढलेल्या तंतुजनक पेशी सोबत असता अर्बुदे वाढली. बीज तेच, क्षेत्र भिन्न, फळ भिन्न.

दुसरे साहाय्य मार्गाचे. श्लेष्मल अस्तराखाली एक पातळ पडदा असतो. तो शाबूत आहे तोवर विकृती वरच्या थरातच राहते. तंतुजनक पेशी व कर्कपेशी मिळून मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरे स्रवतात आणि ती हा पडदा व त्याखालचे तंतू कुरतडतात. त्याच वेळी नवे कोलॅजेन विणले जाते. ते अधिक जाड, अधिक ताठ व एका दिशेला रचलेले असते. अशा ताठ तंतूंच्या आधाराने कर्कपेशी खोलवर सरकतात. कित्येकदा तंतुजनक पेशी पुढे वाट करीत जातात आणि कर्कपेशी मागोमाग जातात, असे प्रयोगशाळेत पाहावयास मिळाले आहे.

आमच्या बोटाला लागलेले काठिण्य ते हेच. कर्कपेशींची खोलवर झालेली घुसखोरी आणि आधारपेशींनी तिच्याभोवती विणलेले ताठ तंतू, या दोहोंनी मिळून व्रणाची कड व तळ घट्ट होतो. साध्या मुखपाकात कड मऊ राहते, कारण तेथे हा व्यवहार नसतो. म्हणूनच काठिण्य लागले की रोग पडदा ओलांडून खाली उतरला असल्याची शंका घेणे प्राप्त आहे.

तिसरे साहाय्य पोषणाचे. अर्बुद दोन मिलिमीटरच्या आसपास वाढले की त्यास स्वतंत्र रक्तपुरवठा हवा, ही कल्पना ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. तंतुजनक व भक्षक पेशी व्हीईजीएफ हे वाहिनीवृद्धिकारक द्रव्य स्रवून नव्या केशवाहिन्यांना आमंत्रण देतात. त्याच कुळातील द्रव्यांनी लसिकावाहिन्याही वाढतात, आणि त्या वाटेने कर्कपेशी मानेच्या ग्रंथींकडे जातात.

चौथे साहाय्य संरक्षणाचे. शरीराच्या मारक लसिकापेशी कर्कपेशींना ओळखून नष्ट करू शकतात. परंतु दाट तंतुजालामुळे त्या अर्बुदाच्या बाहेरच अडकतात. शिवाय आधारपेशींची काही स्रावद्रव्ये त्यांचा प्रतिकार मंदावतात. शोथनाशाचे काम करणाऱ्या भक्षक पेशीही येथे पक्ष बदलून अर्बुदाच्या साहाय्यकारी बनतात.

मुखार्बुदांतील या व्यवहाराचे सुस्पष्ट चित्र २०१७ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी मांडले. मुखकुहरातील अर्बुद असलेल्या १८ रुग्णांच्या सुमारे सहा हजार पेशी त्यांनी एकेक करून तपासल्या. ज्या कर्कपेशी आपले स्थिर रूप अंशतः टाकून चलनक्षम झाल्या होत्या, त्या अर्बुदाच्या पुढच्या कडेस, नेमक्या तंतुजनक पेशींच्या शेजारी आढळल्या. अशा पेशी ज्या अर्बुदांत अधिक, त्यांत मानेच्या ग्रंथींत प्रसार होण्याची शक्यताही अधिक होती. त्यापूर्वी २०११ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासकांनी मुखकर्करोगाच्या अनेक रुग्णांचे छेद तपासून दाखविले होते की, आधारभागात अ‍ॅक्टिनची खूण धारण करणाऱ्या तंतुजनक पेशी विपुल असणे हा लवकर मृत्यूचा बळकट निर्देशक आहे.

सुपारी : आधीच नांगरलेली भूमी

आतापर्यंतचे विवेचन अर्बुद झाल्यानंतरच्या क्षेत्राविषयी झाले. आपल्याकडे मात्र एक विशेष प्रकार असा आहे की, अर्बुदापूर्वीच क्षेत्र बिघडलेले असते. तोंड हळूहळू कमी उघडणे, तिखट न सोसणे, गाल पांढुरके व ताठ होणे, आतून दोऱ्यांसारखे पट्टे लागणे ही लक्षणे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहेत. १९५२ मध्ये केनियातील पाच भारतीय स्त्रियांत या विकाराचे वर्णन झाले आणि १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्यास सबम्युकस फायब्रोसिस असे नाव दिले.

या विकाराचे प्रमुख कारण सुपारी होय. सुपारीतील अरेकोलीन व इतर द्रव्यांमुळे टीजीएफ-बीटाचा प्रभाव वाढतो व तंतुजनक पेशी अधिक कोलॅजेन विणतात. सुपारीत तांब्याचे प्रमाण बरेच असते. तांब्यावर चालणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर तंतूंना एकमेकांशी घट्ट बांधते, आणि असे बांधलेले तंतू सहजी विरघळत नाहीत. केरळमधील एर्नाकुळम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला, त्यांतील ७.६ टक्के रुग्णांना मुखकर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले. तेव्हा "तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो" हे रुग्णाचे वाक्य आपण समाधानाने ऐकू नये.

दिनचर्येत तांबूलसेवन सांगितलेले आहे, असा प्रश्न कोणी विचारील. ते खरे आहे. परंतु अष्टांगहृदयात त्याच ठिकाणी क्षत, रक्तपित्त, रूक्षता, शोष इत्यादींनी पीडितांस ते अपथ्य म्हटले आहे. शिवाय दिवसभर गालात धरलेली पुडीतील सुपारी म्हणजे ते तांबूल नव्हे.

सर्वच आधारपेशी शत्रू नव्हेत

हे सर्व वाचून असे वाटेल की तंतुजनक पेशी नष्ट केल्या की प्रश्न मिटला. २०१४ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगावर उंदरांत तसे प्रयोग झाले आणि परिणाम उलटा निघाला; अर्बुदे अधिक आक्रमक झाली, प्राणी लवकर दगावले. याचा अर्थ असा की तंतुजनक पेशींत अनेक प्रकार आहेत व त्यांतील काही अर्बुदास आवरूनही धरतात. म्हणूनच केवळ या पेशींना लक्ष्य करणारे औषध मुखकर्करोगात अद्याप नित्य वापरात आलेले नाही. हळदीतील कुरकुमीन वा अन्य वनस्पतिद्रव्यांनी काचपात्रातील पेशींत टीजीएफ-बीटाचा प्रभाव घटतो, असे निबंध आपल्या वाचनात येतात. ते अभ्यासनीय आहेत. परंतु काचपात्रातील पेशी आणि रुग्णाचा गाल यांतील अंतर मोठे आहे. अशा निबंधाच्या बळावर शस्त्रकर्म लांबणीवर टाकणे हा रुग्णाचा घात होय.

चिकित्सेत या ज्ञानाचे स्थान

मुखकर्करोगात शस्त्रकर्म हीच प्रधान चिकित्सा आहे आणि त्यात क्षेत्राचा विचार आधीपासूनच अंतर्भूत आहे. शल्यविशारद अर्बुदाभोवतीचा निरोगी दिसणारा भागही काढतात. २०१८ पासून प्रचारात आलेल्या वर्गीकरणात केवळ रुंदी नव्हे, तर खोलीही मोजतात. दोन सेंटिमीटरहून लहान व्रणही ५ मिलिमीटरहून अधिक खोल गेला असल्यास वरच्या अवस्थेत गणला जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मानेत ग्रंथी हातास लागत नसतानाही आरंभीच त्या काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते. ग्रंथी उद्भवल्यावर काढण्याच्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. हाताला न लागणारा प्रसार किती लवकर होतो, याचा याहून स्पष्ट दाखला नको.

त्याच रुग्णालयाने, ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे अशा मुख-ग्रीवा कर्करोगाच्या रुग्णांत, मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब यांच्या अल्प मात्रा तोंडावाटे नियमित देण्याचा प्रयोग केला. या पद्धतीचा रोख कर्कपेशींबरोबरच त्यांना पोसणाऱ्या नव्या वाहिन्यांवरही असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ७.५ महिने होते. शिरेवाटे सिस्प्लॅटिन दिलेल्यांचे ६.१ महिने. २०२२ मध्ये अशाच मौखिक योजनेला निव्होलुमॅब या प्रतिकारशक्ती मोकळी करणाऱ्या औषधाच्या केवळ २० मिलिग्रॅम मात्रेची जोड दिली असता, एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. क्षेत्रावर उपचार करता येतो, हे यावरून दिसते. परंतु पुढच्या अवस्थेत हा लाभ महिन्यांत मोजावा लागतो. आरंभी सापडलेल्या रोगात तो वर्षांत मोजता येतो. हे अंतर कोण भरून काढणार? रुग्ण पहिल्यांदा ज्याच्याकडे येतो तो. आणि तो पुष्कळदा आपल्याकडे किंवा आपल्या औषधालयात येतो.

आपले कर्तव्य

वैद्यांनी मुखरोगाच्या प्रत्येक रुग्णाचे पाहण्याबरोबर स्पर्शनही करावे. मोजा घालून व्रणाची कड, तळ व गालाची जाडी चाचपावी. जबड्याखाली व मानेत ग्रंथी पाहाव्यात. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, कठीण कड, न पुसला जाणारा पांढरा वा मखमली लाल डाग, अकारण हलणारा दात, दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड, यांपैकी काहीही आढळल्यास तो रुग्ण त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावा व चिठ्ठीत आपले निरीक्षण लिहून द्यावे. दाह कमी झाला ही सुधारणा समजू नये. तुकडा काढला की रोग पसरतो, ही समजूत रुग्णांत खोलवर रुजली आहे. रोग पसरतो तो तुकड्याने नव्हे, विलंबाने, हे आपणच त्यांना सांगितले पाहिजे. कर्करोगाची चिकित्सा चालू असताना आपले औषध द्यावयाचे झाल्यास ते संबंधित तज्ज्ञास कळवूनच द्यावे.

औषधालयांच्या चालकांचे स्थान याहून कमी महत्त्वाचे नाही. तोंडाच्या व्रणासाठी एकच ग्राहक तिसऱ्यांदा तैलाची बाटली वा वटी मागू लागला, तर बाटली देण्यापूर्वी "किती दिवस झाले?" एवढे विचारावे. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास देशात १९९२ पासून बंदी आहे. तरीही मशेरी लावणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना निर्धोक मंजन सुचविण्याची संधी आपल्यालाच मिळते. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय अधिनियमाने निषिद्ध आहे. तसे फलक व पत्रके दुकानात ठेवू नयेत.

आमच्या त्या रुग्णाचे शस्त्रकर्म झाले, किरणोपचार झाले. गाल व जबड्याचा भाग गेला, पण ते आज हयात आहेत आणि वर्षातून एकदा येऊन भेटतात. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. तथापि ते पाच आठवडे आमच्या हिशेबी आहेत. आधारपेशींचे हे सारे शास्त्र प्रयोगशाळेत घडले. त्याचा आपल्यापुरता सारांश एका बोटाच्या टोकावर मावतो. व्रण पाहावा आणि त्याचे क्षेत्रही चाचपावे, पहिल्याच भेटीत.